कोळशाच्या धक्क्यावरचा आवाज

बाकावर बसून ती चपलेत गेलेला खडा काढत होती, आणि तेवढ्यात तिच्या पाठीमागे ती स्वतःच बोलायला लागली. ‘तुम्ही उभे आहात तो जुना कोळशाचा धक्का. प्रजासत्ताक जन्माला आलं तेव्हा त्याच्या आरमारात तीन बोटी होत्या, आणि तिन्ही दुसऱ्यांनी वापरून टाकलेल्या.’ स्वच्छ, भरीव आवाज. कुठे घाई नाही, कुठे लाडिकपणा नाही, आणि वाक्य संपताना एखादी वस्तू नीट जागेवर ठेवावी तसा किंचित खाली टेकणारा. चप्पल हातात तशीच राहिली. आधी तिला वाटलं, ओळखीची कोणी बाई आली आहे. आता वळून हसावं लागणार, कशी आहेस विचारावं लागणार, आणि आपण तोंड उघडलं की त्या बाईच्या चेहऱ्यावर ते येणार, हल्ली सगळ्यांच्या चेहऱ्यावर येतं ते. मग आपलाच आवाज ओळखू आला. बाई वगैरे कोणी नव्हती. गळ्याच्या ऑपरेशनच्या आधीच्या उन्हाळ्यात तिने हे रेकॉर्ड केलं होतं, इथलं आरमाराचं स्मारक बांधून व्हायच्याही आधी, आणि नंतरच्या धांदलीत साफ विसरून गेली होती. आज पाय नेतील तिकडे चालत ती बंदराच्या या टोकाला आली होती. चांगलं ऊन होतं, खडा टोचत होता, म्हणून बसली होती. एवढंच.

ती वळली. काळ्या दगडाची लांब भिंत, तिच्यावर कोरलेली नावं. भिंतीसमोर बुटक्या चौथऱ्यांवर तीन बोटींच्या पितळी प्रतिकृती, पोरांनी बसून बसून पाठी चकचकीत केलेल्या. एक लोखंडी डोलकाठी, तिला शीड नाही, नुसती दोरी वाऱ्याने टकटक वाजत होती. आणि भिंतीच्या कडेला टपालपेटीएवढा एक खांब, त्याला जाळी, जाळीखाली बटण. बटणावर बोट ठेवून एक म्हातारा उभा होता. नव्वदीच्या घरातला असावा. मान वाकडी करून त्याने उजवा कान जाळीला जवळजवळ टेकवला होता, दाराआडचं बोलणं चोरून ऐकावं तसा. आवाज सांगत होता: जाणाऱ्या सत्तेने चांगल्या बोटी नेल्या, या तीन ठेवल्या, खलाशी म्हणून आले ते कोळी होते, रेल्वेच्या इंजिनावरचे फायरमन होते, शाळा सोडलेली मुलं होती, दुसऱ्याच वर्षी वादळात, बंदराच्या तोंडाशी खडकावर अडकलेल्या उतारूंच्या बोटीतली माणसं काढायला सगळ्यांत लहान गस्ती बोट गेली, एक फेरी करून आली, दुसऱ्या फेरीला बुडाली. मग नावं सुरू झाली. काही नावं झाली, एक नाव आलं, आणि म्हाताऱ्याने बटणावरचं बोट काढलं, मान सरळ केली, काठी घेतली आणि तो चालू लागला. आवाज बोलतच राहिला. उरलेली नावं त्याने मोकळ्या फरशीला वाचून दाखवली, आणि शेवटची वाक्यं एका कबुतरासाठी म्हटली: ‘समुद्रावर माणसाची खूण राहत नाही. म्हणून ती इथे, जमिनीवर ठेवली आहे.’

तिला चक्क राग आला. त्या शेवटच्या दोन वाक्यांसाठी तिने सगळ्यांचा जीव खाल्ला होता. काचेपलीकडे बसलेला रेकॉर्डिस्ट हात जोडत होता, स्मारक समितीतर्फे आलेले निवृत्त अधिकारी घड्याळ बघत होते, आणि ती म्हणत होती, आणखी एकदा. ‘खूण’वर जोर आला की ते भाषण होतं, ‘जमिनीवर’वर आला की जाहिरात होते. जोर कुठेच यायला नको. अधिकारी वैतागून म्हणाले होते, ‘बाई, समुद्रकिनाऱ्यावर कोण एवढं ऐकणार आहे?’ आणि ती हसून म्हणाली होती, ‘मी ऐकणार आहे ना.’ हे आठवलं आणि तिचा हात गळ्यावर गेला. तेव्हा गाठ गळ्यात होतीच. वाटाण्याएवढी, शहाण्यासारखी गप्प बसलेली. त्या आवाजाच्या शेजारी, भिंतीला भिंत लावून राहत होती, आणि आवाजाला पत्ता नव्हता.

ती निवेदिका होती. चेहऱ्याने तिला कोणी ओळखत नव्हतं, पण शहर कानाने ओळखत होतं. डोळ्यांच्या दवाखान्याच्या लिफ्टमध्ये दार बंद होतंय सांगणारी ती, बसमध्ये पुढचा थांबा सांगणारी ती, वीज गेली की तक्रारीसाठी एक दाबा म्हणणारीही तीच. नवरा वेगळा होताना म्हणाला होता, ‘तू भांडतेसही निवेदन केल्यासारखी. मला सारखं वाटतं, आता माझा थांबा येणार.’ तेव्हा ती संतापली होती. पुढे कित्येकदा भांडी घासताना ते वाक्य आठवून तिला हसू आलं होतं, आणि सांगायला घरात कोणी नव्हतं. मग गाठ निघाली, ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर डॉक्टर म्हणाले, गाठ साधी निघाली, नशीबवान आहात. फक्त जाता जाता एक शीर दुखावली, एक स्वरतंतू झोपलाय, जागा होईल. तो झोपला तो झोपलाच. राहिला तो आवाज म्हणजे ओल्या कापडातून गेलेला वारा. एखादं अक्षर निघायचं, एखादं मध्येच गळून पडायचं, आणि जरा जोर केला की फाटून दोन आवाज व्हायचे, एक वरचा, एक खालचा, दोन्ही परके. दुकानदार तिच्याशी बोलताना स्वतःही कुजबुजायला लागायचे. जो तो गरम पाणी प्यायला सांगायचा. रेकॉर्डिस्टने स्टुडिओत तिच्यासाठी काम शोधून काढलं, दुसऱ्यांची रेकॉर्डिंग ऐकून चुका काढायचं. दिवसभर कानाला हेडफोन लावून ती तरुण मुलींचे आवाज ऐकायची आणि कागदावर खुणा करायची. काम चांगलं होतं. बोलावं लागत नव्हतं. संध्याकाळी घरी येऊन कुलूप उघडताना कधी तिच्या लक्षात यायचं, की आज दिवसभरात आपण एक शब्दही उच्चारलेला नाही. आणि याचं वाईट वाटायला हवं होतं त्यापेक्षा कमी वाटायचं, याचीच तिला भीती वाटायची.

आईचं मात्र तिला सोसवत नव्हतं. आई दुसऱ्या गावी धाकट्या भावाकडे होती आणि तिला आता दिसत नव्हतं; उजेड आहे की नाही एवढंच कळायचं. रविवारी फोन करायचा नेम कित्येक वर्षांचा. दवाखान्यातून आल्यावर पहिला फोन केला तेव्हा तिने ‘आई’ म्हटलं आणि पलीकडून आई म्हणाली, ‘कोण हवंय?’ ‘आई, मी.’ ‘राँग नंबर आहे हो,’ आणि फोन बंद. परत लावला तर भावाने घेतला. त्याचं बोलणं तिला ऐकू येत होतं, ‘अगं तीच आहे, आई, ऑपरेशन झालंय ना तिचं,’ आणि आईचं, तोंड फिरवून ठामपणे, ‘काहीतरी सांगू नकोस. माझ्या मुलीचा आवाज मला माहीत नाही होय? सगळ्या गावाला माहीत आहे.’ पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. मग एकदा भाऊ एकटा असताना बोलला, हसत, पण हसू नीट जमत नव्हतं. ‘ताई, एक गंमत सांगू? आई आता वीज मंडळाला फोन करते. तक्रारीचा नंबर. मी लावून देतो. तू म्हणतेस ना, आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, कृपया प्रतीक्षा करा, ते ऐकत बसते. गुडघ्यांचं सांगते, माझ्या बायकोच्या चहाड्या सांगते. मध्ये मध्ये मला म्हणते, बघ, थांब म्हणतेय ती, कामात आहे, थांबते मी.’ तिनेही हसून दाखवलं. फोन ठेवल्यावर तिने खिडकी उघडली, परत लावली, परत उघडली. आईने काय करावं, हा प्रश्नच नव्हता. आईला मुलगी मिळाली होती. आपण कोण उरलो, एवढाच प्रश्न होता, आणि तो विचारायलाही आवाज लागतो.

रजा काढून ती भावाकडे गेली. दारातून सरळ आत, काही न बोलता आईच्या पुढ्यात बसली आणि आईचे हात उचलून आपल्या चेहऱ्यावर ठेवले. आईची बोटं कपाळावरून भुवईवर आली, भुवईतल्या लहानपणच्या खोकेवर थांबली, नाकावरून खाली उतरली. ‘आलीस?’ आई म्हणाली. चेहरा असा उजळला की भावाने मान फिरवली. ‘किती वाळलीस गं. जेवतेस की नाही?’ तिला राहवलं नाही. ‘जेवते, आई,’ ती म्हणाली, आणि आईचे हात जागच्या जागी थिजले. काढून घेतले नाहीत, पण थिजले. मग आई हळू म्हणाली, ‘तूच आहेस. कळतंय मला. पण बोलू नकोस. तू बोललीस की दुसरीच कोणी होतेस बघ.’ मग ते दोन दिवस ती बोलली नाही. आईचे केस विंचरले, नखं कापली, तिचा हात हातात घेऊन गच्चीत बसली. आई अखंड बोलत राहिली. अगदी सुखाचे दोन दिवस होते ते, कोणी विचारलं असतं तर तिने तसंच सांगितलं असतं. परतीच्या गाडीत तिने खिडकीच्या काचेवर वाफ धरली आणि त्या वाफेकडे बघत राहिली. श्वास तर सगळा जागेवर होता.

कोळशाच्या धक्क्यावर ती दुसऱ्या दिवशी परत गेली. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. मग रोजच जाऊ लागली, स्टुडिओ सुटल्यावर, ऊन कलायच्या सुमाराला. स्वतः बटण तिने कधी दाबलं नाही; ते भिकाऱ्यासारखं वाटलं असतं. बाकावर बसून कोणीतरी दाबायची वाट बघायची. पोरं दाबायची आणि पळायची. जोडपी दाबायची आणि आपसात बोलत बसायची. हवा खायला आलेली माणसं प्रजासत्ताक, आरमार एवढं ऐकून गंभीर तोंड करायची आणि दुसऱ्या बोटीपर्यंत पोचायच्या आत निघून जायची. आणि म्हातारा यायचा. तेवढ्याच नेमाने यायचा, मान वाकडी करायचा, त्या एका नावापर्यंत ऐकायचा, जायचा. तिथला रखवालदार त्याला कप्तान म्हणायचा. ‘या कप्तान, आज हवा पडली आहे,’ असं काहीबाही. म्हातारा काठी उचलून सलाम घ्यायचा. तिला त्याची चीड येत होती आणि त्याच्या येण्याची वाटही बघावीशी वाटत होती. त्या नावानंतर किती चांगलं वाचलंय मी, तिच्या मनात यायचं, थांब ना जरा. एक दिवस तो चालू लागला तेव्हा ती उठून त्याच्या आडवीच गेली.

‘काका, शेवटपर्यंत का नाही ऐकत?’

‘काय?’ त्याने मान दुसरीकडे वळवली. ‘इकडून बोला. डावा कान कामाचा नाही.’ तिने उजवीकडून विचारलं. ‘घसा बसलाय तुमचा,’ तो म्हणाला. ‘गरम पाणी प्या.’

तिला हसू फुटलं. घशातून निघाला तो शिट्टीसारखा आवाज होता, पण हसूच होतं. म्हातारा बाकावर टेकला. त्याला बोलायला माणूस हवंच असावं, कारण तो लगेच सुरू झाला. ‘ही बाई आहे ना आतली, चांगली आहे. उद्‌घाटनाला मंत्र्यांनी नावं वाचली, जशी काही त्यांची गाडी सुटत होती. ही बाई तसं करत नाही. प्रत्येकाला त्याची त्याची जागा देते. तिशीतली असेल. आणि सुखी आहे. आवाजावरून कळतं बरं का, ताई, माणूस सुखी आहे की नाही.’

‘कळतं?’

‘कळतं म्हणजे काय! एकदम कळतं.’

सांगावं का? शब्द जिभेवर आले होते. ती बाई मी, आणि मी तेव्हा पन्नाशीची होते, आणि घरी जाऊन एकटीच जेवले होते. पण सांगितलं तर त्याच्याही चेहऱ्यावर ते आलं असतं, आणि उद्या बटण दाबताना ते त्याच्या कानात राहिलं असतं. आईचे थिजलेले हात तिला दिसले. ती ऐकत राहिली. म्हातारा सांगत होता. कप्तान कसला, तो फायरमन, बॉयलरच्या तोंडाशी कोळसा मारणारा. आणि ते नाव त्याच्या जोडीदाराचं. गस्ती बोटीच्या पोटात दोघं एका बॉयलरवर, तो उजवीकडे आणि जोडीदार डावीकडे. खाली एवढा गदारोळ, की बोलायचं तर कानात तोंड घालून ओरडावं लागायचं, आणि तो जोडीदार म्हणजे असा बडबड्या की एक क्षण गप्प बसणार नाही. ‘या कानात,’ म्हाताऱ्याने डाव्या कानाच्या पाळीला हात लावला, जुन्या ओळखीच्या माणसाच्या खांद्याला लावावा तसा. ‘सगळं या कानात. बहिणीचं लग्न, मालकिणीचं कुत्रं, प्रजासत्ताक आलं आता पगार वाढणार, सगळं. डॉक्टर म्हणतात, इंजिनाने कान गेला. इंजिनाने नाही हो. त्याने घालवला.’ त्या दिवशी दुसऱ्या फेरीला पाणी आत यायला लागलं. वर निरोप द्यायची नळी बंद पडली होती. कोणीतरी वर जाऊन ओरडून सांगायला हवं होतं. ‘तो मला म्हणाला, तू जा, तुझा आवाज मोठा आहे. म्हणून मी गेलो. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होतो, आणि बोट आडवी झाली.’ मग तो म्हणाला, ‘माझा आवाज मोठा होता. एवढंच कारण.’

समुद्र सपाट होता, शिळ्या तेलाचा तवंग धक्क्याच्या दगडांना चाटत होता. अशा पाण्यात कोणी बुडू शकेल हे खरं वाटत नव्हतं. तिने विचारलं, ‘मग पुढचं का नाही ऐकत?’

‘पुढची नावं वरच्या माणसांची. डेकवरच्या. आम्हाला कुठे ओळखत होती ती? आणि मग बाई म्हणते, वाचलेल्यांना दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर आणण्यात आलं. संपलं. एका वाक्यात. त्यात मी आहे.’ त्याने काठी टेकवली आणि उठला. ‘त्यासाठी कशाला थांबायचं?’

ते वाक्य तिला आठवत होतं. ते एका दमात झालं होतं, पहिल्याच वेळेला. काही अडलं नव्हतं, कारण त्यात काही नव्हतं. त्या रात्रीच्या जेवणाला ती बसली तेव्हा ते वाक्य तिने मनात परत परत म्हणून पाहिलं. कुठेही जोर देऊन बघितला, तरी त्यात माणूस सापडेना.

त्यानंतर ते एकाच बाकावर बसू लागले, ती त्याच्या उजव्या हाताला. फार बोलणं व्हायचं नाही. तिचं अक्षर गळालं तरी तो ‘काय?’ म्हणायचा, आणि वारा असला, बोट भोंगा वाजवून गेली, तरीही ‘काय?’ म्हणायचा, त्यामुळे दोष कोणाचा हे ठरतच नव्हतं. ते तिला फार बरं वाटायचं. शहरात तो एकटाच असा होता, ज्याला तिचं ऐकू आलं नाही तर ते तिच्या घशामुळे नव्हतं. त्याला कोणाचंच ऐकू येत नव्हतं. मुलगा-सून होती, घरी सगळं नीट होतं. ‘पण ते लोक भराभर बोलतात, आणि काय म्हटलं विचारलं की म्हणतात, काही नाही, बाबा. काही नाही म्हणतात बघा. एवढं बोलतात आणि काही नाही.’ मग तो उठायचा, बटण दाबायचा, आणि ती आपलं बोलणं ऐकत बसायची. हळूहळू एक विचित्र गोष्ट होऊ लागली. तो आवाज तिला आपला वाटेनासा झाला. एखादी ओळखीची बाई, कर्तबगार, नीटनेटकी, जरा गर्विष्ठच, जिच्याशी एके काळी आपलं जाणं-येणं होतं. मत्सर वाटायचा, पण दुसऱ्याचा वाटतो तसा.

आणि एके दिवशी ती धक्क्यावर आली तर म्हातारा खांबासमोर उभा, आणि खांब मुका. तो बटण दाबत होता, थांबत होता, परत दाबत होता. जाळीतून नुसती खरखर आली आणि तीही बंद झाली. रखवालदार पाटी लटकवत होता. ‘कप्तान, किती दाबाल? खारी हवा कोणाला सोडते? आतला पत्रा खाऊन टाकला तिने.’

‘कधी होईल?’

‘हे आता होत नाही. नवीन बसणार, कंप्युटरचं. त्यात बाईबिई नाही, मशीनच बोलतं. पाहिजे त्या भाषेत. मी ऐकलंय, झकास बोलतं.’

‘नावं घेतं का?’

रखवालदाराने खांदे उडवले. ‘घेईल की. त्याला काय?’

म्हातारा बाकाकडे आला नाही. भिंतीपाशी गेला आणि नावांवरून हात फिरवत चालू लागला. त्याला वाचता येत होतं, पण डोळे आता तेवढे चालत नव्हते, आणि अक्षरं बारीक होती. एका जागी हात थांबला. बरोबर की चूक, त्याचं त्यालाही कळत नसावं. तो हात तसाच ठेवून उभा राहिला, भिंतीला धक्का न लागू देता. त्याची पाठ बघून तिला एकदम स्वतःची आठवण झाली: ऑपरेशननंतरचा महिना, आरशासमोर, तोंड उघडून. ती उठली. उठताना ठरवलं असं काही नव्हतं. त्याच्याजवळ गेली, उजवीकडून दंडाला धरून त्याला बाकाशी आणलं, बसवलं, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, ‘तुम्ही उभे आहात तो जुना कोळशाचा धक्का.’

‘काय?’

तिने परत म्हटलं. पाठ करावं लागलं नाही, सगळं आत होतं, एकेक वाक्य, एकेक थांबा. पण थांबे आता चुकीच्या जागी येत होते. श्वास वाटेतच सांडायचा, ‘प्रजासत्ताक’ तीन तुकड्यांत आलं, बोटींपैकी एक नुसती हवाच झाली. पहिल्या काही वाक्यांना तिच्या अंगावर काटा येत होता, लाजेने. स्टुडिओत असं काही तिच्यासमोर आलं असतं, तर तिने कागदावर खुणांचा सडा पाडला असता. मग वादळ आलं, पहिली फेरी झाली, आणि तिच्या लक्षात आलं की म्हातारा मान वाकडी करून ऐकत नाहीये. तो सरळ तिच्या तोंडाकडे बघतोय. नावं सुरू झाली. प्रत्येक नाव आता ओढून काढावं लागत होतं, ते आपण होऊन येतच नव्हतं. त्याच्या जोडीदाराचं नाव आलं. ते मधल्या अक्षरावर फाटलं, वर एक आणि खाली एक असे दोन आवाज झाले, आणि म्हाताऱ्याचा हात नकळत डाव्या कानाकडे गेला. ती थांबली. आता तो उठणार.

‘पुढे,’ तो म्हणाला.

तिने पुढची नावं घेतली. डेकवरच्यांची, अधिकाऱ्याची, आचाऱ्याची, सगळी. वाचलेल्यांच्या वाक्यापाशी ती आली आणि तिला ते म्हणवेना. तोंड उघडलं, मिटलं.

‘काय झालं? विसरलात?’

‘नाही.’

‘मग तेवढं राहू द्या,’ तो म्हणाला. त्याने पाण्याकडे बघितलं. गळ लावून बसलेली दोन-तीन माणसं धक्क्याच्या कडेला होती, त्यांच्यापलीकडे एक मालवाहू बोट जागच्या जागी वळत होती. ‘ताई, एक सांगू? हसू नका. मला मुलगा बाबा म्हणतो. नातवंडं आजोबा म्हणतात. हा शहाणा कप्तान म्हणतो. बायको होती ती अहो म्हणायची. नावाने हाक मारणारं कोणी राहिलं नाही. आता त्यांची घेतलीत ना, त्याच ओळीत माझं एकदा घ्या. भिंतीवर नाही, ठाऊक आहे मला. नसायलाच पाहिजे. नुसतं घ्या.’

आणि त्याने आपलं नाव सांगितलं, कुजबुजत, एखाद्या लहान मुलीने सांगावं तसं.

तिने श्वास भरला. कुठे जोर द्यायचा, तिने विचार केला नाही. नाव आलं, अर्धं आवाजात आणि अर्धं हवेत, शेवटचं अक्षर तर नुसतं ओठांवर झालं. त्याने डोळे मिटले होते. तिला वाटलं, पोचलं नाही. तिने परत घेण्यासाठी तोंड उघडलं.

‘हजर!’

केवढा आवाज होता तो. एवढ्याशा छातीत तो एवढी वर्षं कुठे राहिला होता, कोण जाणे. डोलकाठीवरचे पक्षी फडफडून उडाले, गळ लावलेली माणसं वळून बघू लागली, रखवालदार पाटी हातात घेऊन धावत आला आणि काही झालं नाही असं बघून परत गेला. म्हातारा स्वतःच दचकला होता. मग शरमून हसला, रुमाल काढला, नाक पुसलं, बराच वेळ पुसत राहिला.  

रुमाल खिशात ठेवून तो तिच्याकडे वळला. ‘बघा, इतके दिवस शेजारी बसतोय आणि विचारलंच नाही. तुमचं नाव काय?’

तिने सांगितलं. वळणाऱ्या बोटीने नेमका तेव्हा भोंगा दिला.

‘काय?’

तिने परत सांगितलं. त्याने मान हलवली, नाही आलं. कानामागे हात धरला. ‘मोठ्याने, ताई. मोठ्याने सांगा.’

ती उठून उभी राहिली. पाय जमिनीवर रोवले, पोटात श्वास भरून घेतला, आणि फाटला तर फाटू दे म्हणून आपलं नाव ओरडून सांगितलं.

‘आलं,’ तो म्हणाला. ‘आलं ऐकू.’